मधली जागा

रात्री अडीच. हिद्दच्या पाणी-कारखान्यात
समुद्र गोडा होत होता, नेहमीसारखा,
आणि मी कचरा काढत होते.

हुकूम साधाच: तात्पुरत्या नोंदींचं फोल्डर,
तिरकी रेघ, तिला चिकटून तारा.
रेघ आणि तारा यांच्यामध्ये
माझा अंगठा स्पेसबारवर टेकला. एकदाच.
तारा सुटा झाला.
सुटा तारा म्हणजे इथलं सगळं.

त्यानं विचारलं नाही, नक्की का?
विचारू नकोस, हे मीच त्याला बजावलं होतं
एका अक्षरानं, कंटाळून.

काही झालं नाही. हेच ते.
ना आवाज, ना लाल अक्षर.
कर्सर डाव्या कडेला परत आला
आणि लुकलुकत राहिला
जेवून हात धुतलेल्या माणसासारखा.

अकरा वर्षांचा खारटपणा गेला होता.
दर पाच मिनिटांना एक ओळ: मीठ, तापमान, गढूळपणा.
लाल शेवाळ आलं होतं तो आठवडा.
माझ्या आधीच्या तिघांच्या रात्रपाळ्या.

पारकर धावत आला. "मशीन बंद करून चालू करू काय गो?"
"हात लावू नकोस!"
अशी ओरडले की त्याचा चहा त्याच्याच सदऱ्यावर.

कारण नाव पुसलं म्हणून फाईल मरत नाही लगेच.
नोंदी लिहिणारा प्रोग्राम चालू होता अजून
आणि यंदाची फाईल त्यानं उघडी धरली होती.
यादीत तिच्यापुढे शेरा, पुसलेली,
तरी दर पाच मिनिटांनी ती एका ओळीनं वाढत होती.
कुठल्याच फोल्डरात नाही,
कुणाच्या हाकेला ओ देत नाही,
फक्त एकाच्या मुठीत.

खलफ मागे उभा होता. म्हणाला,
माझा आजा मोत्यांच्या होडीवर होता, हिमांगी.
(हेमांगी त्याला कधी जमलं नाही.)
बुडी मारणारा नव्हे. वर दोर धरणारा.
म्हातारपणी त्याच्या हातात पेला नुसता सरकवायचा,
बोटं आधीच वळलेली असायची.

मी ऐकत नव्हते. त्या मुठीतून
फाईल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेत होते.
आली. मगच प्रोग्राम थांबवला.

बाकीच्यांना धरणारं कुणी नव्हतं.
त्यांच्यासाठी एकच इलाज: लिहिणं थांबव.
डिस्क उतरव, नुसती वाचायची ठेव,
शोधायचं साधनसुद्धा तिच्यावर आणू नकोस.
नवं अक्षर जिथं बसेल तिथलं जुनं कायमचं जातं.
(हे कवितेत लिहिताना हात जरा अडतो.)

तीन दिवस खणलं. तुकडे आले बिननावाचे,
शून्य शून्य चारशे सतरा अशा बिल्ल्यांचे.
आत पाहून महिना ओळखायचा:
पाणी सतरा अंश, म्हणजे जानेवारी.
चौतीस, म्हणजे ऑगस्ट, आणि पंपवाल्यांच्या शिव्या.

बॅकअप? होता ना.
मार्चपासून रोज रात्री अपयशाची चिठ्ठी पाठवत होता
नोकरी सोडून मंगळुरूला गेलेल्या एकाच्या पत्त्यावर.

आता ताऱ्याआधी मी इको लावते:
कोण कोण जाणार आहे, नावं दाखव.
वाचते. मोठ्यानं. पारकर हसतो, मग तोही वाचतो.
पुसायचं ते आधी एका आडखोलीत सरकतं,
तीस दिवस पडून राहतं तिथं.
महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाईल
खरोखर परत आणून बघतो. आहे म्हणून भागत नाही.
आणि अडीच वाजता कचरा काढत नाही.

एका वर्षीचा जून ते ऑगस्ट सापडलाच नाही.
आलेखात तिथं खिंड.
मी दोन टोकं जोडायला गेले तर खलफ म्हणाला, राहू दे,
तीन महिने समुद्र सरळ रेषेत गेला असेल
असं मला नाही वाटत.

राहू दिली.
पडद्यावर मोजली तर
माझ्या अंगठ्याएवढी भरते.